इंजिनिअर असलेले चित्रकार आणि आमच्या घरचा वाद

नमस्कार मंडळी.

दुपारी मुलांची जलरंगांची कार्यशाळा आहे, त्याआधी पुण्याचे जलरंग चित्रकार मिलिंद मुळीक यांच्या चित्रांवर थोडं बोला, असं आपल्या मंडळाच्या समितीने सांगितलं. बोलणार आहेच. पण या भाषणाची तयारी चालू असतानाच आमच्या घरी एक वाद झाला. तो अजून मनातून जात नाही, त्यामुळे तो आज मध्येमध्ये येत राहील.

माझ्या मुलीचं हे शाळेचं शेवटचं वर्ष. तिला चित्रकथा आणि पुस्तकांची चित्रं काढायचं शिक्षण घ्यायचं आहे. मी म्हटलं, आधी एक भक्कम डिग्री घे, चित्रं नंतर आहेतच. आणि हाताशी आयतं उदाहरण होतं. मुळीकांचंच बघ, आधी इंजिनिअर झाले, मग चित्रकार. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, त्यांच्या घरी चित्र काढणं हे काम होतं. आपल्या घरी तो शनिवारचा क्लास आहे."

ती म्हणाली ते खरंच आहे. मिलिंद मुळीकांचे वडील म्हणजे प्रताप मुळीक. 1967 मध्ये सुरू झालेल्या अमर चित्र कथेचे कितीतरी अंक त्यांच्या हातचे. 1980 च्या दशकात अमिताभला घेऊन निघालेलं सुप्रीमो हे कॉमिक त्यांनी काढलं आणि कॉमिक्समधला नागराजही त्यांनीच चित्रांतून उभा केला. रेल्वेच्या प्रवासात, सुट्टीतल्या वाचनालयात, मामाच्या माळ्यावर आपण ही पानं फाटेपर्यंत वाचली. घोड्याचे ताणलेले स्नायू, दरबारातली गर्दी, पगडीचा पीळ, सगळं आजही डोळ्यांपुढे आहे. पण ते काढणाऱ्याचं नाव वाचायची सवय आपल्यातल्या फार थोड्यांना होती. दलाल आणि मुळगावकर ही नावं तेवढी दिवाळी अंकांनी घरोघरी पोहोचवली. बाकीचे चित्रकार पानाच्या कोपऱ्यातच राहिले.

अशा घरात चित्र वेळेवर द्यावं लागतं, ते परत येतं, पुन्हा काढावं लागतं आणि त्यावर घर चालतं, हे मूल रोज बघत असतं. मिलिंद मुळीक वडिलांकडे बघत शिकले. डिग्री इंजिनिअरिंगची घेतली आणि आयुष्य जलरंगाला दिलं, तेही पुण्यातच राहून.

आता त्यांच्या चित्रांकडे येतो. जलरंग म्हटलं की आपल्याला एलिमेंटरी-इंटरमीजिएट, कॅमलच्या वड्या आणि मळलेलं निसर्गचित्र आठवतं, आणि हे शाळेतलंच माध्यम, असा एक समज मनात पक्का बसतो. चित्रकार सावळाराम हळदणकरांची ती हातात दिवा घेतलेली स्त्री आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लोक अजून तिच्यासमोर थबकतात. ते चित्र जलरंगातलं आहे. महाराष्ट्रात या माध्यमाची मोठी परंपरा आहे आणि मुळीक त्याच वाटेवर आज उभे आहेत.

पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो. पांढरा म्हणजे कागद. पत्र्यावरची चमक, शर्टाच्या खांद्यावरचं ऊन, ओल्या रस्त्यातली आकाशाची पट्टी, हे सगळं कुठे सोडायचं ते ब्रश टेकवण्याआधी ठरलेलं असावं लागतं. फिकट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, आधी, गडद नंतर. कागद ओला असताना रंग टाकला की कडा विरघळतात, वाळल्यावर टाकला की धारदार राहतात, आणि मधली वेळ साधणं सगळ्यात अवघड. शिवाय वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणजे लावतानाच तो जरा जास्त गडद धरायचा.

मुळीकांची पेठेतली एखादी गल्ली बघा. वाड्याची लाकडी गॅलरी, खाली स्कूटर, दुकानाची पाटी, दोन-तीन माणसं. माणूस म्हणजे चार फटकारे, तरी तो घाईत आहे की रेंगाळतोय ते कळतं. पाटीवरचं अक्षर वाचता येत नाही, पण पाटी मराठी आहे याबद्दल शंका राहत नाही. सावल्या सुट्या न ठेवता ते एकमेकींत मिसळतात, त्यामुळे सगळी गल्ली एका सावलीत बांधली जाते आणि राखलेलं ऊन त्यातून लख्ख बाहेर येतं. मला त्यांचं सगळ्यात मोठं बळ इथे वाटतं. काय वगळायचं हे त्यांना नेमकं कळतं.

त्यांचं यथार्थदर्शनही, म्हणजे पर्स्पेक्टिव्हही, पक्कं आहे. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आहे. आपण इंजिनिअर मंडळी याचं श्रेय लगेच डिग्रीला देऊन टाकतो. पण यथार्थदर्शन हा चित्रकलेच्या शिक्षणाचाच पाया आहे, त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. आणि इथे मला पुन्हा मुलीचं वाक्य आठवतं. "इंजिनिअर असून चित्रकार झाले" हे आपण किती कौतुकाने सांगतो! त्या कौतुकात चित्राचा वाटा किती आणि डिग्रीचा किती?

त्यांनी हे सगळं स्वतःपुरतं ठेवलं नाही, याचा मला मनापासून आदर वाटतो. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची पुस्तकं म्हणजे पायरी पायरीने उघड केलेली कार्यपद्धती आहे. लोकांसमोर ऑन द स्पॉट चित्र काढायचं, डेमो द्यायचे, देशोदेशी कार्यशाळा घ्यायच्या. चित्रकाराचा व्यवसाय असा चित्रं, पुस्तकं आणि शिकवणं या तिन्हींवर उभा राहतो. आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, कारण आपल्यालाच ते ठाऊक नसतं.

आता मंडळाबद्दल थोडं बोलतो, राग मानू नका. गणपतीच्या आराशीमागचा पडदा, नाटकाचं नेपथ्य, स्मरणिकेचं मुखपृष्ठ, हे आपण कसं मिळवतो? "तुझा हात छान आहे, जरा काढून दे ना." साउंडवाल्याला पैसे देतो, जेवणाचे देतो, हॉलचे तर आगाऊ देतो. चित्र काढणाऱ्याला शाल आणि नारळ. मुलं हे बघतात. कोणतं काम म्हणजे काम आणि कोणतं म्हणजे आवड, हे ती आपल्या हिशेबाच्या वहीतून शिकतात. या वर्षीच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठाला मानधन द्यावं आणि चित्रकाराचं नाव आत न छापता मुखपृष्ठावरच छापावं, असा माझा प्रस्ताव आहे. कार्यकारिणीला लेखी देतो आहे.

एवढं बोलूनही माझी काळजी संपलेली नाही. मुळीकांनी सुरुवात केली तेव्हा चित्र हवं असेल तर चित्रकाराकडेच जावं लागायचं. आज दोन ओळी टाइप केल्या की यंत्र जलरंगासारखं दिसणारं चित्र क्षणात समोर ठेवतं, आणि छोटी-मोठी कामं तिकडे वळू लागली आहेत. नवा चित्रकार ज्या कामांवर हात बसवतो आणि भाडं भरतो, ती हीच कामं. माझी मुलगी शिकून बाहेर पडेल तेव्हा त्यातली किती उरलेली असतील? तिने तिला हवं ते शिकावं असं मला वाटतं, आणि भीतीही वाटते. अर्ज अजून भरलेला नाही. तुमच्यापैकी कोणाची मुलं या क्षेत्रात कमावती झाली असतील, तर जेवणाच्या वेळी मला भेटा. ती पैसे कशातून मिळवतात, पहिली काही वर्षं त्यांनी कशी काढली, हे मला सविस्तर ऐकायचं आहे. तिलाही सोबत घेऊन येतो.