मंदीत सायकल स्वस्त कधी होते?

हातातला पैसा आटला की पहिली कात्री लागते हौसेच्या खर्चाला. दूध, फी, घरभाडं थांबत नाही. नवी रॅकेट आणि गिअरची सायकल थांबते. मग साध्या हिशेबाने मंदीत या वस्तू स्वस्त व्हायला हव्यात. तशा त्या होतात का, झाल्या तर कधी, आणि स्वस्त झालेला माल घेताना काय तपासायचं, हा आजचा विषय. मी मुख्यतः सायकल धरून बोलणार आहे. २०२० नंतरच्या चार वर्षांत या धंद्याने आधी टंचाई पाहिली आणि मग महापूर, त्यामुळे किमतीची यंत्रणा तिथे उघडी पडलेली दिसते.

२०२० च्या टाळेबंदीत जगभर उत्पन्नं घटली. सायकलींच्या किमती मात्र चढल्या, आणि अनेक ठिकाणी वाढीव किमतीलाही सायकल मिळेना. जिम बंद होत्या, बस-लोकलची भीती होती, प्रवासाचा पैसा घरात पडून होता आणि वेळ भरपूर होता. श्रीमंत देशांत सरकारांनी थेट खात्यात पैसे टाकले. मंदी म्हणजे सगळ्यांचा खिसा एकाच वेळी रिकामा होणं नव्हे. ज्यांची नोकरी टिकली त्यांचा खर्च एका हौसेकडून दुसऱ्या हौसेकडे सरकतो, आणि तो जिकडे सरकतो तिथे भर मंदीत भाव वाढतात.

याची उलटी बाजूही त्याच वर्षी आपल्याकडे दिसली. ॲटलस सायकल्सने साहिबाबादचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी. गिऱ्हाईक सायकल शोधायला निघालं होतं आणि कंपनीकडे कच्चा माल घ्यायलाही पैसा उरला नव्हता. मागणी असूनही खेळतं भांडवल संपलं की कारखाना बसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे किमती पडल्या त्याही भांडवलामुळेच.

आता मधला गुंता. समजा एक दुकान महिन्याला १० सायकली विकतं आणि दोन महिन्यांचा, म्हणजे २० चा साठा ठेवतं. दरमहा १० ची ऑर्डर जाते. एका महिन्यात १० ऐवजी १५ विकल्या गेल्या. महिनाअखेर साठा उरला १५. आता दोन महिन्यांचा साठा म्हणजे ३० हवा. पुढच्या महिन्याचे १५ आणि तूट भरायला १५, अशी ३० ची ऑर्डर जाते. गिऱ्हाईक दीडपट झालं, ऑर्डर तिप्पट झाली. वितरकही आपल्या पातळीवर हेच गणित करतो, मग ब्रँड, मग सुटे भाग बनवणारा. आसूड ओढताना मनगट चार बोटं हलतं आणि टोक हवेत कडाडतं, तसं हे. त्यात माल कमी मिळतोय म्हटल्यावर दुकानदार तीन ब्रँडकडे तीच ऑर्डर नोंदवून ठेवतात. कारखान्याला दिसणारी मागणी मग निम्मी खरी आणि निम्मी फुगवलेली असते.

टोकाला कोण बसलंय हे महत्त्वाचं. गिअर आणि ब्रेकच्या बाजारावर शिमानो या जपानी कंपनीची मोठी पकड आहे. २०२१ मध्ये काही ग्रुपसेटसाठी, म्हणजे गिअर-ब्रेकच्या जुळणाऱ्या भागांच्या संचासाठी, वर्षाहून जास्त वाट पाहावी लागत होती. जहाजाचं भाडंही चढलं. चीनहून निघणारा ४० फुटी कंटेनर आधी दोन हजार डॉलरच्या आसपास होता, तो २०२१ च्या उत्तरार्धात दहा हजारांच्या वर गेला. एका कंटेनरमध्ये ढोबळ अडीचशे खोकी धरली, तर सायकलमागे भाडं ८ डॉलरवरून ४० डॉलरवर गेलं. महागड्या कार्बन सायकलला ते जाणवत नाही, स्वस्त सायकलचा नफा मात्र त्यात संपतो. म्हणून कंपन्यांनी मर्यादित भाग महागड्या मॉडेलकडे वळवले आणि सर्वात आधी गायब झाली ती सुरुवातीच्या दर्जाची सायकल.

त्या काळातल्या सायकली आज जुन्या बाजारात येतात, तेव्हा एक गोष्ट बघा. जाहिरातीत ग्रुपसेटचं एक नाव असतं, पण शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आणि मागचा डिरेलर (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढे त्या दर्जाचे. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, दुसऱ्या कंपनीची, चेन केएमसीची, ब्रेक कॅलिपर टेक्ट्रोचे. यात फसवणूक नाही, जे मिळालं ते बसवलं. हे भाग वाईटही नाहीत. पण पूर्ण संचाची किंमत देऊ नका.

मग २०२२ च्या मध्यावर वारं फिरलं. महागाई वाढली, व्याजदर वाढले, जिम आणि विमानतळ उघडले. ज्याला सायकल हवी होती त्याने ती घेऊन झाली होती, आणि सायकल काही दरवर्षी घ्यायची वस्तू नाही. नेमका तेव्हाच दीड वर्षापूर्वी नोंदवलेला माल बंदरात उतरला. शिमानोची विक्री २०२२ मध्ये सुमारे ६२९ अब्ज येन होती, २०२३ मध्ये ती ४७४ अब्जांवर आली. एका वर्षात पाव हिस्सा गेला. दुकानातली विक्री एवढी पडली नव्हती. आसूड उलटा फिरला होता. दुकानं साठ्यातलं विकत होती आणि नवं मागवत नव्हती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीचा सिग्ना स्पोर्ट्स युनायटेड हा समूह दिवाळखोरीत गेला, त्याच्याबरोबर ब्रिटनची विगल आणि चेन रिॲक्शन ही ऑनलाइन दुकानंही. कोनासारख्या नावाजलेल्या ब्रँडने त्या वर्षाच्या अखेरीस एकावर एक सायकल फुकट देऊ केली. घरातल्या व्यायामाच्या सायकलींचं वारं जरा आधीच फिरलं होतं. पेलोटनने ऑगस्ट २०२१ मध्ये मूळ मॉडेल १,८९५ वरून १,४९५ डॉलरला आणलं.

किंमत उतरली ती मंदी जाहीर झाली म्हणून नव्हे. उधारीच्या पैशावर घेतलेला माल गोदामात पडून राहिला, म्हणून. दुकानदाराच्या जागी बसून बघा. ६० हजारांना खरेदी केलेली सायकल, १२ टक्के व्याज: महिन्याला ६०० रुपये. दीड वर्ष पडून राहिली तर १०,८०० रुपये, गोदामभाडं वेगळं. समजा विक्री किंमत ८० हजार होती. वीस हजारांच्या नफ्यातला निम्म्याहून जास्त व्याजात गेला आणि पुढच्या वर्षीचा रंग बाजारात आला. आता दहा हजार सोडून रोकड मोकळी करणं त्याला परवडतं. व्याजदर कमी असताना तोच दुकानदार वर्षभर अडून बसला असता. म्हणून हौशी खेळाडूने शेअर बाजारापेक्षा कर्जाचे दर आणि दुकानातली धूळ यांच्यावर नजर ठेवावी.

सूट सगळ्या मालावर सारखी नसते. मधल्या मापांच्या फ्रेम आधी संपतात. अगदी लहान आणि अगदी मोठ्या उरतात आणि त्यांवरच सूट सर्वाधिक असते. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाला कुणी ५८ सेंटिमीटरची, म्हणजे उंच माणसाच्या मापाची, फ्रेम निम्म्या किमतीत देत असेल तर ती महागच समजा. स्टेम (हँडल धरून ठेवणारा दांडा) आखूड करून आणि सीट पुढे ढकलून माप जमत नाही, मनगट आणि कंबर मात्र धरते. ट्यूब, टायर, चेन, ब्रेक पॅड यांच्या किमती फारशा उतरत नाहीत, उलट मंदीत लोक जुनीच सायकल दुरुस्त करून चालवतात आणि या भागांना उठाव येतो. छापील किंमत खाली आणायलाही ब्रँड नाखूश असतात, कारण एकदा उतरवली की पुन्हा चढवता येत नाही. त्याऐवजी हेल्मेट फुकट, दोन सर्व्हिसिंग फुकट, शून्य व्याजाचे हप्ते. किंवा किंमत तीच ठेवून कार्बन फोर्कऐवजी ॲल्युमिनियमचा, हायड्रॉलिक डिस्कऐवजी केबलची. नावातलं वर्ष बदललं की दोन्ही वर्षांच्या भागांची यादी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा.

आता आपल्याकडचा पेच. परदेशी संकेतस्थळावर चाळीस टक्के सूट दिसते आणि पुण्यातल्या दुकानात पाच टक्केही नाही, तेव्हा दुकानदाराला दोष द्यायची घाई नको. जगात मंदीची भीती पसरली की परदेशी गुंतवणूकदार आपल्याकडून पैसा काढतात आणि रुपया घसरतो. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ४० रुपयांच्या आत होता, मार्च २००९ पर्यंत ५० च्या पलीकडे गेला. म्हणजे तिकडे भाव पडत असतानाच इकडे आयात महाग. त्यात कर टक्क्यांत असतो. तयार सायकलींवरची मूळ आयात ड्युटी २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के झाली. ४०० डॉलरची सायकल, ३५ टक्के ड्युटी आणि त्यावर ५ टक्के जीएसटी धरा. डॉलर ८० ला असेल तर ३२,००० ची सायकल ४५,३६० ला पडते. डॉलर ८५ झाला तर ४८,१९५. मूळ किमतीतला २,००० चा फरक २,८३५ होऊन येतो, आणि त्यावर वितरक आणि दुकानदाराचा टक्का बसतो. लुधियानात बनलेल्या साध्या सायकलीला हा झटका कमी, पण तिच्यावर गिअर बाहेरचे असतील तर तेवढा बसतोच.

उलट दिशेने, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. शंभराच्या मालाला ११२ ऐवजी १०५ लागतात, म्हणजे दुकानातली किंमत सव्वासहा टक्क्यांनी उतरायला हवी. कुणी ‘सात टक्के सूट’ म्हणून हाच बदल स्वतःच्या नावावर खपवत असेल तर हसून पुढची घासाघीस सुरू करा.

बॅडमिंटनवाल्यांनी मंदीवर भरवसा ठेवूच नये. पिसांच्या शटलला पंखांतली १६ पिसं लागतात, आणि बदक-हंस शटलसाठी पाळत नाहीत, मांसासाठी पाळतात. चीनमध्ये त्या मांसाचा खप कमी झाला की पिसं कमी येतात. २०२४-२५ मध्ये शटलचे भाव चढले ते याच ओढाताणीत. खाण्याच्या ताटातली मंदी कोर्टवर महागाई होऊन आली.

जुन्या सायकलींच्या बाजाराकडे वळू. मंदीत खरी संधी इथे असते, आणि खरा अडथळा असतो विकणाऱ्याचं जुनं बिल. २०२१ मध्ये ८० हजारांना घेतलेली सायकल तो ६० ला द्यायला तयार होतो आणि आपण वीस हजार सोडले असं त्याला वाटतं. पण तशीच नवी सायकल आज सवलतीत ५८ ला मिळत असेल तर त्याच्या बिलाला अर्थ नाही. आजच्या नव्या किमतीपासून मोजायला सुरुवात करा. चांगली ठेवलेली, दोन-तीन वर्षं वापरलेली असेल तर त्याच्या ५० ते ६० टक्के, म्हणजे २९ ते ३५ हजार, आणि त्यातून झिजलेल्या भागांचा खर्च वजा.

ती झीज मोजता येते. चेनच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच. अशी २४ अंतरं म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. चेन ताणलेली ठेवून पट्टीवर ३०६.३ आलं तर अर्धा टक्का वाढ, ३०७.१ आलं तर पाऊण टक्का. अकरा-बारा गिअरच्या चेनला अर्धा टक्का ही हद्द, आठ ते दहा गिअरला पाऊण. एवढ्या बारीक फरकाला पट्टी अपुरी वाटली तर चेन गेज न्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. हद्द ओलांडलेली चेन बराच काळ चालवली असेल तर कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे) दातही खाल्लेले असतात आणि नव्या चेनवर गिअर घसरतात, म्हणून चेन आणि कॅसेट दोन्हींचा खर्च धरा. कार्बन फ्रेमवर बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या जागेच्या) भोवती, हेडट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) खाली आणि सीट क्लँपजवळ रंगातली केसासारखी रेघ शोधा. नाण्याने हलके टिचकवत गेलात तर चांगल्या भागाचा आवाज टणक येतो, आतून थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. शंका आली तर सोडून द्या.

गोदामात पडून राहिलेला ‘नवा’ माल हा निराळाच प्रकार. सायकल चालली नाही म्हणजे ती जशीच्या तशी राहिली असं नाही. टायरच्या कडा दुमडून बघा, बारीक भेगा दिसल्या तर रबर कडक झालंय. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारा द्रव, काही महिन्यांतच वाळतं. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड नावाचा द्रव असेल तर तो हवेतला ओलावा शोषतो आणि लांब उतारावर तापला की लिव्हर हँडलला टेकतो. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, तिथे हा त्रास कमी. सस्पेन्शन फोर्कचे सील एका बाजूला वाळतात आणि पहिल्या महिन्यातच तेल झिरपतं. सगळ्यात जपायचं ते ई-सायकलला. लिथियम बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्जवर ठेवायची असते आणि काही महिन्यांनी तपासायची असते. दोन वर्षं रिकामी पडलेली बॅटरी मरते किंवा तिची क्षमता कायमची घटते. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख वाचा आणि पूर्ण चार्ज करून किती किलोमीटर जाते ते पाहिल्याशिवाय बाकी रक्कम देऊ नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजली जाईल, असं लिहून घ्या.

आणि ब्रँड बुडालेला किंवा देशातून गेलेला असेल तर वॉरंटी कागदावरच राहते. फ्रेम त्यामुळे निकामी होत नाही. टायर, चेन, ब्रेक कुणाचेही बसतात. अडतं ते त्याच फ्रेमसाठी बनलेल्या छोट्या भागांशी: सीटपोस्टची पाचर, हेडसेटचे बेअरिंग, आणि सगळ्यात आधी डिरेलर हँगर. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हा मऊ ॲल्युमिनियमचा तुकडा सायकल पडली की आधी वाकावा म्हणूनच बनवलेला असतो. त्याचे शेकडो आकार आहेत आणि दुसऱ्या सायकलचा सहसा बसत नाही. चाळीस टक्के सूट घेताना त्याच दिवशी, त्याच बिलावर दोन हँगर जास्तीचे मागून घ्या. एक सीटखालच्या पिशवीत, एक घरी.