बायकोचं दुकान, नवऱ्याचं कर्ज: लेलिया रॉबिन्सन यांची कायद्याची पुस्तकं

नमस्कार. १८८० च्या दशकातलं अमेरिकेतलं बॉस्टन डोळ्यांसमोर आणा. एका विवाहित बाईने स्वतःच्या पैशांतून टोप्यांचं दुकान टाकलंय. नवरा कर्जात बुडतो आणि त्याचे सावकार जप्ती घेऊन थेट तिच्या दुकानात येतात. माल तिचा, तरी उचलून नेता येईल का?

येईल. तिने एक कागद नोंदवला नसेल तर.

मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बॉस्टन ज्या राज्यात आहे तिथे, बायकोची मालमत्ता आणि कमाई १८५५ पासून तिचीच मानली जायची. पण १८६२ च्या कायद्याने अट घातली: स्वतंत्र धंदा करायचा तर शहराच्या क्लार्ककडे दाखला द्या. नवऱ्याचं नाव, धंदा कसला, जागा कोणती. धंदा किंवा जागा बदलली की नवा दाखला. नोंद नसेल तर धंद्यातला माल नवऱ्याच्या कर्जापोटी जप्त व्हायचा. आणि दाखला नवरा-बायको दोघांनीही दिला नाही, तर तिच्या धंद्याची देणी नवऱ्याच्या गळ्यात!

हे असले बारकावे सामान्य माणसाला समजतील असे लिहायला घेतले लेलिया रॉबिन्सन यांनी. १८८१ मध्ये बॉस्टन विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सनद नाकारली. कायद्यात शब्द होता 'नागरिक', स्त्रियांना बंदी कुठेच नव्हती. न्यायालयाचं म्हणणं, वकिली पूर्वापार पुरुषांची, ती प्रथा मोडायचा विधिमंडळाचा हेतू दिसत नाही. मग विधिमंडळानेच १८८२ मध्ये कायदा करून दार उघडलं. (आपल्याकडे ते उघडायला १९२३ साल उजाडलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी त्याच्या कितीतरी आधी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या होत्या.)

१८८६ मध्ये रॉबिन्सन यांचं 'लॉ मेड ईझी' आलं, १८८९ मध्ये 'द लॉ ऑफ हसबंड अँड वाइफ'. मला दुसरं जास्त कामाचं वाटतं, कारण विषय एकच, नवरा-बायको, आणि लोकांची खरी फसगत तिथेच व्हायची.

उदाहरणार्थ, बायकोने नवऱ्याला उसने पैसे दिले आणि वचनचिठ्ठी लिहून घेतली. १८७४ पासून विवाहित बाई त्या राज्यात कुणाशीही करार करू शकत होती, फक्त नवऱ्याशी नाही. त्यामुळे अनोळखी माणसाची चिठ्ठी चालायची, नवऱ्याची मात्र रद्दी. त्याच्यावर दावाही लावता यायचा नाही.