सुरी, बर्फ आणि ‘ह्यांनी केलं’

(डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या महिला मंडळात फ्रीज-दुरुस्तीचं काम करणाऱ्या गृहस्थांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बोलायला सुरुवात करण्याआधी हा पत्र्याचा तुकडा पहिल्या रांगेतून मागे पाठवतोय. हात लावून बघा, कडा घासून बोथट केल्यात. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधल्या फ्रीजरच्या डब्याचा हा तळ. ॲल्युमिनियमचे दोन पत्रे एकमेकांवर दाबून एकजीव केलेत आणि मधे ही नागमोडी फुगीर वाट दिसते ना, तिच्यातून गॅस फिरतो. म्हणजे आपण ज्याला नुसता डबा समजून बर्फाचे ट्रे आदळतो, तोच फ्रीज गार करणारा भाग. आता उजवीकडच्या वळणावर बघा. खसखशीच्या दाण्याएवढं भोक आहे. ते सुरीचं.

‘फ्रीज चालू आहे पण गार होत नाही’ असा फोन आला की मी आधी विचारतो, “वहिनी, बर्फ खरवडला का?” पलीकडे शांतता. मग हळूच, “मी नाही हो, ह्यांनी.” तीस वर्षं हेच ऐकतोय. सगळ्या डोंबिवलीत एकाही वहिनींनी सुरी लावलेली नाही, सगळे फ्रीज ‘ह्यांनी’च फोडलेत.

पण यातला धोका समजून घ्या. नव्या फ्रीजच्या मागच्या पाटीवर बहुधा ‘आर ६००ए’ लिहिलेलं असतं. हा आयसोब्युटेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊबंद. असतो थोडाच, पण पेटतो. खरवडताना ‘फुस्स’ आवाज आला तर शेगडी बंद करा, खिडक्या उघडा आणि मेकॅनिकला बोलवा. फ्रीज पुन्हा चालू करून बघायचा मोह टाळा. भोक पडलेलं असताना गॅस फिरवणारा कॉम्प्रेसर चालला तर तो बाहेरची हवा आणि वितळलेलं पाणी आत ओढू शकतो. मग नुसता गॅस भरून भागत नाही.

बरं, बर्फ साचतो कशाने? हवेतल्या ओलाव्याने. आपली हवा मुळात दमट, त्यात मुलं दार उघडं ठेवून ‘काय खाऊ’ याचा विचार करतात. दाराचं रबर सैल झालं असेल तर मग चोवीस तास ओलावा आत. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघून आली तर रबर ढिलं. पण आधी साबणाच्या कोमट पाण्याने रबराच्या घड्या पुसा. निम्म्या वेळा तिथे आमरस वाळलेला असतो.

हा भुसभुशीत बर्फ म्हणजे गोधडी. त्यात हवा अडकलेली असते. गार पत्र्यावर गोधडी पांघरली की गारवा मटारपर्यंत पोचत नाही, कॉम्प्रेसर दम घेत नाही आणि मीटर पळतं. थर पाव इंच झाला की काढायचा. गारवा कमी-जास्त करायच्या नॉबच्या मधोमध डीफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवायचं बटण असतं, तेही चालेल. घाई असेल तर प्लग काढा, सामान वर्तमानपत्रात गुंडाळून बादलीत भरा, वर सतरंजी टाका. डब्यात टॉवेलवर गरम पाण्याचं पातेलं ठेवा, दार उघडं ठेवा आणि चहा प्यायला बसा. बर्फाच्या लाद्या आपोआप सुटतात. आतून कोरडं पुसूनच प्लग लावा.

दोन दारांचे फ्रॉस्ट फ्री फ्रीज असतात त्यांचा हीटर हे काम स्वतःच करतो. तिथे हवेच्या झडपांपुढे पिशव्या कोंबू नका, एवढंच. आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी साचायला लागलं की पाणी जायचं भोक तुंबलंय असं समजा.

नॉबवरचे आकडे म्हणजे तापमान नव्हे, हे मी अजून रोज सांगतो. आकडा मोठा तितका गारवा जास्त. फ्रीजरच्या आत उणे १८ अंश हवं. त्या थंडीत जंतू मरत नाहीत, झोपतात. बाहेर काढलं की उठतात. म्हणून मासे ओट्यावर दिवसभर ठेवून नाही, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून मऊ करायचे.

माशांचा विषय निघालाच आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, त्यामुळे मे संपता संपता घरोघरी फ्रीजर कोळंबी-सुरमईने ठासून भरतात. पाच किलो एकदम आत टाकलं की मधला गोळा गोठायला दिवस लागतो. सावकाश गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि मांस फाडतात. मग कालवणात माशाचा भुगा. एका जेवणापुरत्या पिशव्या करा, हवा दाबून काढा, तळहाताएवढ्या जाडीच्या चपट्या वड्या करून पसरून ठेवा. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या अमेरिकन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी कॅनडातल्या लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठणारे मासे पाहिले आणि त्यावर अख्खा धंदा उभा केला. आपल्याला एवढी थंडी नाही, पण पिशवी चपटी करता येते.

जानेवारीतल्या मटारांचंही तेच. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंचावर पूर्ण कोरडे. उकळी चुकवली की आतली द्रव्यं थंडीतही सावकाश काम करत राहतात आणि मार्चपर्यंत मटार पिवळट, गवतासारखे लागतात. नारळाचा चव मात्र सरळ भरा, त्याला काही नखरे नाहीत.

वीज गेली तर? दार उघडून ‘वितळलं का’ बघू नका. वेगळा डीप फ्रीजर पूर्ण भरलेला असेल तर बंद दाराने दोन दिवसही तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. फ्रीजवरचा छोटा कप्पा मात्र त्याहून खूप कमी. २००५ च्या २६ जुलैच्या महापुरानंतर मी कल्याणला फ्रीज उघडले आहेत. तो वास सांगत नाही, आत्ता चहा आहे. तेव्हापासून माझ्या घरी एका वाटीत पाणी गोठवून वर रुपया ठेवलेला असतो. गावाहून परत आल्यावर रुपया तळाशी दिसला की मागे वीज बराच वेळ गेली होती, आणि मासे सरळ बाहेर.

आणि प्लग काढला तर लगेच परत लावू नका, पाच मिनिटं जाऊ द्या. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला वेळ लागतो.

ट्रे चिकटला तर काय, असं मागून कुणीतरी विचारताय. कोमट पाण्यात पिळलेला फडका ट्रेच्या बुडाशी दाबून धरा. दोन मिनिटांत सुटतो. नाही सुटला तर अजून दोन मिनिटं. आता बाकीचे प्रश्न घेऊ, फक्त तो पत्र्याचा तुकडा कुणाकडे राहिलाय बघा. पुढच्या रविवारी अंबरनाथला दाखवायचाय.