सांगायचं कारण: मेसोपोटेमिया (आजचा इराक, 1914 मध्ये तुर्कस्तानच्या ताब्यात), 1914 ते 1934

(दृश्य: मुंबई बंदर, जुनी छायाचित्रं. धक्क्याला लागलेल्या आगबोटी, रांगेतले शिपाई, क्रेनला टांगलेलं खेचर.)

16 ऑक्टोबर 1914. मुंबई बंदरातून आगबोटींचा मोठा ताफा निघाला. बहुतेक बोटी पूर्व आफ्रिका, इजिप्त आणि फ्रान्सला चालल्या होत्या. थोड्या बोटी वाटेत वेगळ्या होणार होत्या, पण त्यांच्यावरच्या शिपायांना ते माहीत नव्हतं. त्यांत होती सहाव्या पुणे डिव्हिजनची 16वी ब्रिगेड: डॉर्सेट रेजिमेंट, 20वी पंजाबी, 104वी वेलस्ली रायफल्स आणि 117वी मराठा पलटण. ब्रिगेडियर डेलामेन यांनी हुकमाचा बंद लखोटा भर समुद्रात उघडला. इराणी आखातात शिरा, बहारीनला थांबा आणि वेळ आली की अबादान बेटावरचा तेल शुद्ध करण्याचा कारखाना, टाक्या आणि तेलाचा नळ राखा. तुर्कस्तानशी ब्रिटनचं युद्ध तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं.

(दृश्य: टंकलिखित कागद, कॅमेरा तारखेवर थांबतो.)

हा ताफा निघायच्या तीन आठवडे आधी, 26 सप्टेंबरला, लंडनच्या इंडिया ऑफिसचे लष्करी सचिव सर एडमंड बॅरो यांनी एक टिपण लिहिलं होतं. त्यात म्हटलंय की शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फौज पाठवावी. वरकरणी तेलाच्या कारखान्याचं रक्षण म्हणून, प्रत्यक्षात मात्र तुर्कांना इशारा आणि अरब शेखांना पाठबळ मिळावं म्हणून. म्हणजे 1914 मध्ये तेल हे सांगायचं कारण होतं. चार वर्षांनी याच फौजेला उत्तरेकडे ढकलण्यामागे तेल हेच खरं कारण झालं आणि सांगायला मात्र दुसरंच काही होतं. सत्ताधाऱ्यांच्या मनात काय होतं हे तर्काने शोधायची फारशी गरज नाही, त्यांनी ते लिहून ठेवलंय.

(दृश्य: मस्जिद सुलेमान, लाकडी डेरिक. खेचरांच्या जोड्या ओढत असलेले नळ.)

आधी तो नळ पाहू. 1901 मध्ये विल्यम नॉक्स डार्सी यांनी इराणच्या शहाकडून तेल शोधण्याचा हक्क घेतला. मुदत 60 वर्षं, क्षेत्र 4 लाख 80 हजार चौरस मैल, मोबदला 20 हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि नफ्याचे 16 टक्के. 26 मे 1908 रोजी मस्जिद सुलेमानला सुमारे 1,180 फुटांवर तेल लागलं. पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली.

डोंगरातलं तेल समुद्राला आणायचं तर 138 मैलांचा नळ हवा. सहा आणि आठ इंची नळ कारून नदीतून पडावांनी दर-ए-खझीनापर्यंत यायचे आणि तिथून पुढे खेचरं. अबादानची जागा मोहम्मराच्या शेख खझल यांच्याकडून भाड्याने घेतली. ती बोलणी केली सर पर्सी कॉक्स यांनी, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या आखातातल्या प्रतिनिधीने. कंपनीचा जमीनव्यवहार सरकारी अधिकारी करतो, हे इथून सुरू झालं. कारखान्यातले बरेच कामगार मुंबई आणि रंगूनकडून आणलेले होते.

(दृश्य: अबादानचा कारखाना, चिमण्या, धूर.)

1912 पासून अबादान चालू झालं, पण माल धड नव्हता. तेलात गंधक जास्त. रॉकेल पिवळट निघायचं आणि कंदिलाच्या काचेवर थर धरायचं. गिऱ्हाईक मिळेना, पैसा आटत चालला. नेमक्या याच वेळी ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं. तेलावर जहाज जास्त वेग घेतं, भर समुद्रात इंधन भरता येतं आणि भट्टीवर माणसं कमी लागतात. पण कोळसा वेल्समध्ये निघायचा, तेल ब्रिटनच्या घरात नव्हतं. इराणातल्या विहिरी पाहायला आरमाराने ॲडमिरल एडमंड स्लेड यांचं पथक पाठवलं. अनुकूल अहवाल आला आणि 17 जून 1914 रोजी आरमारमंत्री चर्चिल यांनी संसदेत विधेयक मांडलं: 22 लाख पौंड घालून सरकारने कंपनीचे 51 टक्के घ्यायचे, संचालक मंडळावर सरकारचे दोन माणूस, दोघांनाही नकाराधिकार. बाजूने 254 मतं, विरोधात 18. आरमाराला 20 वर्षं कोणत्या भावाने तेल मिळणार, तो करार मात्र गुप्त ठेवला. सरकारी संचालकांपैकी एक होते अहवाल देणारे स्लेड. हे नाव लक्षात ठेवा.

(दृश्य: नकाशा. फाव, बसरा, कुर्ना. लाल रेघ नदीतून वर सरकते.)

5 नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि 6 तारखेला डेलामेनची माणसं फावला उतरली. 22 नोव्हेंबरला बसरा पडलं. अबादान आता सुरक्षित होतं, म्हणजे हुकमाप्रमाणे काम झालं होतं. तरी कॉक्स यांनी लगेच व्हाइसरॉयना तार केली की बगदाद घ्यावं. फेब्रुवारी 1915 मध्ये व्हाइसरॉय हार्डिंग स्वतः बसऱ्याला येऊन गेले. बसरा कायमचं ठेवावं या मताचे ते होते. त्याच महिन्यात जिहादच्या हाकेवर अहवाझजवळच्या टोळ्यांनी तेलाचा नळ तोडला. बहुतेक फौज कुर्नाकडे, नळाकाठी मोजकी. जूनपर्यंत नळातून तेल आलं नाही.

पुढे सिमल्याहून, म्हणजे भारत सरकारकडून, फौजेचे नवे प्रमुख जनरल निक्सन यांना सूचना गेल्या: बसरा विलायत (तुर्की प्रांत) पूर्ण ताब्यात घ्या, बगदादवर चाल करायची योजनाही तयार ठेवा. लंडनला त्या सूचना कळल्या काही आठवड्यांनी.

(दृश्य: टायग्रिस नदी. महैला नावाची शिडाची गलबतं, चाकांची आगबोट, दोन्ही बाजूंना बांधलेले पडाव. हा भाग लांब आहे, निवेदन सावकाश.)

ही लढाई पाण्याच्या खोलीवर लढली गेली. बसऱ्याला 1914 मध्ये मोठ्या बोटीला लागायला धक्का नव्हता. बोट नदीच्या मधोमध नांगर टाकायची, माल महैलात उतरायचा आणि मग काठावर. वर टायग्रिसमध्ये उन्हाळा सरता सरता पाणी इतकं उतरतं की तळ पाच फुटांखाली असलेली आगबोट रुतते. एझ्राची कबर ते कलात सालिह हा पट्टा इतका चिंचोळा की समोरासमोर आलेल्या दोन आगबोटींपैकी एकीने काठाला लागून थांबायचं. फौज जितकी वर जाते तितका एका फेरीला वेळ लागतो, म्हणजे तेवढाच शिधा पोचवायला जास्त बोटी हव्यात. फौज दुप्पट दूर गेली, बोटी दुप्पट झाल्या नाहीत. इरावतीवरच्या आणि हुगळीवरच्या उथळ बोटी मागवल्या, पण त्या नदीसाठी बांधलेल्या; समुद्रातून ओढून आणताना बऱ्याच वाटेतच बुडाल्या. 1916 मध्ये बसऱ्यात हजारो ताज्या दमाचे शिपाई नुसते बसून होते, वर न्यायला बोट नव्हती म्हणून. मग धक्के बांधले आणि भारतातून मीटरगेजचे रूळ, इंजिनं आणि डबे आणून आगगाडी टाकली. मजुरीला भारतातल्या तुरुंगांतले कैदीही नेले.

शिपायांचा नेहमीचा पगार भारताच्या तिजोरीतून जायचा, जादा खर्च तेवढा लंडनचा.

(दृश्य: कूत. नदीचं वळण, पडकी भिंत, कैद्यांची रांग. निवेदन थोडक्यात, बाकी चित्रांवर.)

बगदादकडे जाताना टेसिफोनला ब्रिटिश फौजेची हार, मग मागे नदीकाठच्या कूतमध्ये 147 दिवसांचा वेढा. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार माणसं शरण गेली. त्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या.

(निवेदन थांबतं. 14 सेकंद.)

(दृश्य: बगदाद, मार्च 1917. फौज शहरात शिरते. भिंतीवर लावलेला जाहीरनामा.)

11 मार्च 1917 रोजी जनरल मॉड बगदादमध्ये शिरले. आठ दिवसांनी जाहीरनामा लागला: आमची सैन्यं जिंकायला नाही, तुम्हाला मुक्त करायला आली आहेत. खाली नाव मॉड यांचं, मजकूर मुत्सद्दी मार्क साइक्स यांचा. हेच ते साइक्स, ज्यांनी 1916 च्या मे महिन्यात फ्रान्सच्या पिको यांच्याबरोबर बसरा आणि बगदाद ब्रिटनला आणि उत्तरेकडचं मोसुल फ्रान्सच्या प्रभावाखाली अशी वाटणी आधीच करून ठेवली होती. मोसुल तेव्हा ब्रिटनने सोडून दिलं होतं, हे महत्त्वाचं.

(दृश्य: पुन्हा कागद. सही: ई. स्लेड.)

जुलै 1918 मध्ये साम्राज्याच्या तेलाच्या गरजेवर एक टिपण फिरलं. लिहिणारे ॲडमिरल स्लेड, आरमाराच्या वतीने. अँग्लो-पर्शियनच्या मंडळावरही तेच. निष्कर्ष असा, की इराण आणि मेसोपोटेमियातलं तेल ब्रिटनच्या हातात राहिलं पाहिजे. कॅबिनेटचे सचिव मॉरिस हँकी यांनी 1 ऑगस्टला परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांना लिहिलं की पुढच्या युद्धात तेल कोळशाची जागा घेईल आणि या साठ्यांवरचा ताबा हे युद्धाचं पहिल्या दर्जाचं उद्दिष्ट ठरतं. बाल्फोर यांना हा उघड साम्राज्यवाद वाटला. पण महिना अर्धा व्हायच्या आत तेही म्हणाले, तेल कोणत्या पद्धतीने हातात ठेवायचं याची मला पर्वा नाही, ते मिळायला हवं हे मात्र नक्की.

(दृश्य: शर्कातची टेकाडं. 114व्या मराठा पलटणीचा समूहफोटो.)

आता तारखा पाहा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंडनहून जनरल मार्शल यांना कळवलं गेलं: टायग्रिसवर जमेल तितकं वर सरका. 29 आणि 30 ऑक्टोबरला शर्कातला लढाई झाली. एकट्या 114व्या मराठा पलटणीला त्या लढाईसाठी 28 शौर्यपदकं मिळाली. 30 तारखेलाच मुद्रोसला तुर्कस्तानशी युद्धबंदीवर सह्या झाल्या, 31 ला दुपारी ती लागू झाली. मोसुल अजून तुर्कांकडे होतं. 1 नोव्हेंबरला ब्रिटिश घोडदळ मोसुलच्या खाली हमाम अलीलला पोहोचलं, 2 ला लंडनचा हुकूम आला, शहर घ्या. तुर्की सेनापती अली इहसान यांनी हरकत घेतली. मार्शल यांनी युद्धबंदीच्या सातव्या कलमावर बोट ठेवलं: सुरक्षेला धोका दिसला तर मोक्याची ठिकाणं घेता येतात. 15 नोव्हेंबरपर्यंत सगळी विलायत रिकामी करा, असा निर्वाणीचा शब्द दिला. तुर्क निघून गेले. डिसेंबरात लंडनमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमान्सो यांच्याकडे मोसुल मागितलं आणि त्यांनी तोंडी दिलं.

(दृश्य: वाटण्यांचा तक्ता, आकडे एकेक करून उमटतात.)

बदल्यात फ्रान्सला काय मिळालं ते मेसोपोटेमियातल्या तेलासाठी उभ्या केलेल्या टर्किश पेट्रोलियम कंपनीच्या हिश्शांत दिसतं. मार्च 1914 चा करार: अँग्लो-पर्शियन 50 टक्के, शेल गट 25, डॉइचे बँक 25. पहिल्या दोघांनी आपल्यातले अडीच-अडीच टक्के काढून मध्यस्थ गुल्बेंकियान यांना पाच द्यायचे. युद्धात जर्मन हिस्सा शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झाला. एप्रिल 1920 मध्ये सान रेमोच्या बैठकीत तोच फ्रान्सला गेला. त्याच बैठकीत मेसोपोटेमियाचा मॅन्डेट (कारभार पाहण्याचा अधिकार) ब्रिटनला मिळाला. अमेरिकन कंपन्यांनी दार ठोठावल्यावर 1928 मध्ये पुन्हा वाटणी झाली: चौघांना प्रत्येकी 23.75, गुल्बेंकियान यांचे पाच कायम.

1920 च्या जूनअखेरीस रुमैथात ब्रिटिशांविरुद्ध उठाव पेटला. तो मोडताना सरकारी फौजेचे सुमारे 2,200 मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, अरबांचे त्याच्या काही पट. 1921 च्या ऑगस्टमध्ये अरब नेते फैसल यांना मेसोपोटेमियाचा, म्हणजे इराकचा, राजा केलं.

(दृश्य: लोझान परिषद, कर्झन. नंतर मोसुलमधलं राष्ट्रसंघाचं पथक.)

जानेवारी 1923 मध्ये, तुर्कस्तानशी तहाची बोलणी चालू असताना, लोझानला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री कर्झन यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मोसुलबाबतच्या त्यांच्या म्हणण्याचा तेलाशी संबंध नाही. मोसुल तुर्कस्तानचं की इराकचं हे पाहायला 1925 च्या सुरुवातीला राष्ट्रसंघाचं पथक तिथे हिंडत होतं. 14 मार्च 1925 रोजी, निकाल यायच्या नऊ महिने आधी, इराक सरकारने टर्किश पेट्रोलियमला तेल काढण्याची 75 वर्षांची सवलत, म्हणजे हक्क, सही करून दिली. बदल्यात इराकला टनाला चार सोन्याचे शिलिंग. सान रेमोच्या कागदात स्थानिक सरकारला 20 टक्क्यांपर्यंत भाग घेण्याची मुभा होती; या सवलतीत ती उरली नाही आणि दोन इराकी मंत्र्यांनी राजीनामे दिले. डिसेंबरात मोसुल इराकला मिळालं.

(दृश्य: बाबा गुरगुर, 1927. तेलाचा फवारा. मूळ आवाज वाढवा.)

15 ऑक्टोबर 1927, पहाटे तीन. किर्कुकजवळ विहीर फुटली. दिवसाला सुमारे 95 हजार पिंपं, आठवडाभर कुणालाच झडप बसवता येईना. तेल ओढ्याला लागू नये म्हणून गावोगावची माणसं आणून मातीचे बांध घातले. वायूने काही कामगार गेले.

(दृश्य: वाळवंटात जोडले जाणारे नळ, ट्रॅक्टर, वेल्डिंग.)

तेल समुद्राला न्यायला बारा इंची दोन नळ किर्कुकहून हदिथापर्यंत शेजारी-शेजारी टाकले. वाटेत उपसा केंद्रं, के-1, के-2, के-3 अशा क्रमांकांची. हदिथाला फाटा फुटायचा. एक नळ एच क्रमांकांच्या केंद्रांतून किर्कुकपासून 942 किलोमीटरवर हैफाला, दुसरा टी क्रमांकांनी त्रिपोलीला. एकच नळ स्वस्त पडला असता. पण हैफा ब्रिटनच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनमध्ये होतं आणि त्रिपोली फ्रान्सच्या ताब्यातल्या लेबनॉनमध्ये, आणि आपल्या वाट्याचं तेल दुसऱ्याच्या बंदरातून उचलायला फ्रान्स तयार नव्हता. 1934 मध्ये दोन्ही टोकांना तेल पोहोचलं.