ऐच्छिक बाबी

(कमाटीबाग, पहाट. आधी पावलांचा आवाज, मग हास्य क्लबातलं हसणं.)

उजाडायच्या आतच फाटकाबाहेर स्कूटरी लागतात. कानटोप्या, मफलर, एकदोन काठ्या. पाटीवर सयाजीबाग लिहिलेलं असलं तरी बडोद्यात जन्मलेला माणूस कमाटीबागच म्हणणार, मग तो घरी मराठी बोलो की गुजराती.

१८७९ साली ही बाग लोकांना खुली झाली. सयाजीराव महाराज तेव्हा सज्ञानही नव्हते. कारभार पाहायचे दिवाण सर टी. माधवराव, म्हणजे तंजावरकडचे मराठीच. शंभर एकरांहून मोठी जागा आणि मधून वाहणारी विश्वामित्री, मगरींसकट. पुढे १८९४मध्ये संग्रहालयाची इमारत उभी राहिली. बाग आज महापालिकेची, बागेतलं संग्रहालय मात्र राज्य सरकारचं. फिरायला आलेल्याला हा फरक कळत नाही, कळायची गरजही नाही.

(बँडस्टँड. रिकामा. एक मुलगा पायऱ्यांवर उड्या मारतोय.)

इथे वाद्यं वाजावीत म्हणून कुणीतरी छप्पर घातलं. गावातल्या लोकांनी संध्याकाळी फुकट गाणंबजावणं ऐकावं, हे राज्याचं काम आहे असं त्या काळात कुणाला तरी वाटलं. १८८६ साली दरबारी गवई मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. आज ती विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा आहे, सूरसागर तलावाच्या काठावर. खिडकीतून येणारा हा तबला तिथलाच.

(सूरसागर. तबला चालू राहतो.)

राजा गेला, मतदार आला. मग हे काम कुणाकडे गेलं?

(खंडेराव मार्केट. झेंडूचे ढीग, मागे घुमट.)

इथे. पुढे फुलं, मागे भाजी आणि मधे महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय. बडोद्याचा अर्थसंकल्प कोथिंबिरीच्या वासात मंजूर होतो, आणि आम्हाला तरी ते आवडतं.

महापालिकेचा कायदा १९४९चा, मूळ मुंबई प्रांताचा. त्याच मुळातून निघालेल्या कायद्यावर पुणं-नाशिकही चालतं. त्यात दोन याद्या आहेत. कलम ६३ बंधनकारक कामांचं: पाणी, गटार, दिवे, कचरा. कलम ६६ ऐच्छिक कामांचं. बागा, मैदानं, पोहण्याचे तलाव, नाट्यगृहं, सार्वजनिक जागी संगीत आणि करमणूक, हे सगळं या दुसऱ्या यादीत. ऐच्छिक, म्हणजे नगरसेवकांना वाटलं तर. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. तिच्या अठरा विषयांत बागा-मैदानं आहेत, संस्कृतीला उत्तेजन देणंही आहे. पण तिथेही राज्याने सोपवलं तरच.

म्हणून निवडणूक. शहरात १९ प्रभाग, प्रत्येक प्रभागात चार नगरसेवक, एकूण ७६. मतदाराला एक नव्हे, चार मतं. फेब्रुवारी २०२१मध्ये भाजपचे ६९ आले, काँग्रेसचे ७. महापौर थेट निवडला जात नाही. नगरसेवकच त्याला निवडतात, आणि पैशाच्या चाव्या असतात स्थायी समितीच्या बारा सदस्यांकडे. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात भर घालते किंवा कपात करते, मग ते समग्र सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत जातं. नगरगृहाच्या, म्हणजे महापालिकेच्या नाट्यगृहाच्या, भाड्याचा प्रश्न याच वाटेवर कुठेतरी सुटतो किंवा हरवतो. प्रचारात ही वाट कुणी समजावून सांगत नाही. पूर, रस्ते, पाणी यावर बोललं जातं. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री घराघरांत शिरली होती, त्यामुळे ते बोललंच पाहिजे. पण त्या चार मतांतलं एखादं तरी तालमीच्या जागेसाठी का मागू नये?

(अकोटा, सर सयाजीराव नगरगृह. ट्रकमधून सेट उतरतोय.)

नाट्यगृह म्हणाल तर रिक्षावाला विचारात पडेल. नगरगृह म्हणा. मुंबईहून नाटक आलं की सोफा, दार, जिना, तुळशीवृंदावन या क्रमाने घर उतरतं. आज क्रम जरा चुकला, जिना आधी आला आणि दाराची वाट बघत बसला. बाहेरगावच्या नाटकाला तिकीट लावता येतं, भाडं निघतं. गावातल्या हौशी मंडळींचं काय? त्यांना प्रयोगाआधी महिनाभर रोज दोन तास जागा लागते. पंखा आणि एक बल्ब पुरतो. महापालिकेची अतिथिगृहं आहेत, पण ती लग्नासाठी, आणि लग्नसराई तालमीपुढे हटत नाही. तालमीचा वेगळा, स्वस्त दर आणि त्यासाठी राखलेल्या वेळा, एवढी एक ओळ जाहीरनाम्यात यावी, असं आमचं म्हणणं आहे. तिला सिमेंट लागत नाही.

(दांडिया बाजार, जुम्मादादा व्यायाम मंदिर. मल्लखांब. पोरं एकामागून एक वर चढतात.)

व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांची ही जागा. महापालिकेची नाही, तिच्या भरवशावर उभीही राहिलेली नाही. आम्ही इथे बराच वेळ थांबलो. खरं तर एवढ्या वेळाची गरज नव्हती, पण त्या पोराची पकड बघा.

(पकड. जवळून. निवेदन नाही.)

(हरणी, मोटनाथ तलाव. दुपार. पाणी.)

महापालिकेने खासगी भागीदारीत चालवायला दिलं होतं, ते सहलीचं ठिकाण. १८ जानेवारी २०२४ला इथे नाव उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. सूरसागरातही १९९३मध्ये नाव उलटली होती. नाव कुणी चालवायची आणि तिच्यावर लक्ष कुणी ठेवायचं, हेही करमणुकीचंच धोरण.

(पाणी. दहा सेकंद.)

(संध्याकाळ. रावपुऱ्यातल्या एका घराचा दिवाणखाना. पलंग भिंतीला टेकवून उभा केलाय. एकांकिकेची तालीम.)

जागा मिळाली नाही म्हणून तालीम इथे. घरातल्या आजी पडद्यामागच्या खुर्चीवर बसून राहतात. त्यांना सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत आणि कुणी अडलं तर त्या पुढचं सांगतात.

ऐन रंगात आलेला प्रवेश आम्हाला दोनदा चित्रित करावा लागला. पहिल्यांदा खालून प्रचाराची रिक्षा गेली आणि कर्ण्यात संवाद बुडाला. तुम्ही बघताय तो दुसरा.