कोठवर, परमेश्वरा?

बंधुभगिनींनो, 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी. होड्या वर ओढलेल्या, जाळी पडवीत, पण कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. अशात घरात कुणी आजारी पडलं की किनाऱ्यावरच्या आपल्या ख्रिस्ती घरांतून एकच वाक्य ऐकू येतं: "हल्ली प्रार्थनाच होत नाही." श्रद्धा आटली, असं त्या माणसाला वाटतं. ती आटलेली नसते. देवाशी गोडच बोलायचं, अशी आपली समजूत झालीय, म्हणून तोंड मिटतं.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तेरावं काढा, जेमतेम सहा ओव्यांचं. पहिल्या दोन ओव्यांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. तो मनात नको, मोठ्याने वाचा. प्रत्येक "कोठवर"पाशी थांबा आणि आपली गोष्ट तिथे ठेवा. 'शत्रू' आला की हप्ता म्हणा, गाठीचा रिपोर्ट म्हणा. तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणं आहे. "सगळं चांगलं कर" असं मोघम मागू नका. "उद्याच्या डायलिसिसला बळ दे" असं नेमकं मागा.

पाचवी ओवी "पण" म्हणून वळते, भरवशाकडे. चूक नेमकी इथेच होते. घरचे, शेजारी, कधी आम्ही उपदेश करणारेसुद्धा, दुःखी माणसाला ओढत त्या "पण"वर नेतो. तक्रार पुरी झाली नसेल तर चौथ्या ओवीवर थांबा, पुस्तक मिटा, उद्या पुन्हा पहिल्यापासून. 88 वं स्तोत्र तर भरवशापर्यंत पोचतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार आहे. तरीही चर्च शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत तेच म्हणतं. आणि क्रुसावर येशूच्या ओठी आली ती 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ: माझ्या देवा, माझा त्याग का केलास?

बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते खरे मित्र होते. कारणं सांगू लागले आणि बिघडलं. समुद्रात गेलेल्या माणसाच्या घरी "देवाची इच्छा" म्हणू नका. देह मिळाला नसला तरी त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली ख्रिस्तयागाची उपासना, करता येते, हे मात्र जरूर सांगा.

एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला उठवलं. म्हणून आधी पेज घेऊन जा. झोप उडाली असेल, जीव नको झाला असेल तर डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर रात्रीही फोन लागतो. गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

आणखी एक. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा संस्कार म्हणजे मरणाच्या दारातच लावायचं 'शेवटचं तेल' नव्हे. मोठ्या ऑपरेशनआधी घ्यावा, आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. फादरांना बोलवायला घरचे घाबरतात, पेशंट धसका घेईल म्हणून, आणि मग बोलावतात तेव्हा तो बेशुद्ध असतो. कपाळाला आणि दोन्ही हातांना तेल लागतं त्या वेळी "आमेन" त्याला स्वतःला म्हणता आलं पाहिजे.