पाठवला तर १० डॉलर, सोडला तर ५

नमस्कार मंडळी. आज अमेरिकेतल्या एका सौद्याबद्दल, गुलामीवरून झालेल्या १८५० च्या समझोत्याबद्दल बोलूया. १८४८ मध्ये मेक्सिकोशी लढाई संपली आणि कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको असा भलामोठा मुलूख अमेरिकेला मिळाला, आणि आता तिथे गुलाम ठेवायचे की नाही यावरून गुलामी नसलेली उत्तरेची आणि गुलामीवाली दक्षिणेची राज्यं हमरीतुमरीवर आली. तसं १८२० मध्ये मिसुरीला राज्य करायच्या वेळी नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ मारून भांडण मिटवलेलं, मिसुरी सोडलं तर रेघेच्या वर गुलामी नाही, खाली चालेल. पण ती रेघ लुइझियाना खरेदीतल्या, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या जमिनीपुरती होती, इथे लागूच नव्हती.

वातावरण किती तापलेलं बघा, एप्रिल १८५० मध्ये सिनेटमध्ये मिसिसिपीच्या फूटसाहेबांनी मिसुरीच्या बेंटनवर चक्क पिस्तूल काढलं! सिनेटर हेन्री क्लेने सगळ्यांच्या मागण्यांची मोट बांधून एकच बिल आणलं, ते आपटलं, मग दुसरा सिनेटर स्टीफन डग्लसने त्याचे तुकडे करून एकेक पास करून घेतला. कॅलिफोर्निया गुलामीमुक्त, युटा-न्यू मेक्सिकोत गुलामी हवी की नको ते तिथलेच लोक ठरवतील, टेक्सासने सरहद्दीचा हट्ट सोडला म्हणून त्याला १ कोटी डॉलर, राजधानीत गुलामांचा व्यापार बंद.

आणि दक्षिणेला काय मिळालं, तर पळालेले गुलाम पकडून द्यायचा कडक कायदा. केस कमिशनर नावाच्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, ज्युरी नाही, पकडलेल्याला स्वतःची साक्षसुद्धा देता येत नाही. कमिशनरची फी ऐका, माणूस मालकाकडे पाठवला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५. का, तर म्हणे पाठवायचं असेल तर कागदपत्रं जास्त करावी लागतात! मला विचाराल तर अख्खा समझोता ह्या फीमध्येच आहे, बाकी सगळी भाषणं.

१८५४ मध्ये बॉस्टनला अँथनी बर्न्स सापडला, व्हर्जिनियातून पळालेला, जेमतेम विशीतला. तिकडे ३० मे ला राष्ट्राध्यक्ष पिअर्सनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही करून ती १८२० ची रेघच पुसून टाकली, म्हणजे गुलामीचं तिथेही तिथलेच लोक ठरवतील, आणि इकडे २ जूनला बर्न्सला सैनिकांच्या पहाऱ्यात बंदरावर नेलं, दुतर्फा हजारो लोक, इमारतींवर काळं कापड, रस्त्यावर वर 'लिबर्टी' लिहिलेली शवपेटी टांगलेली. पुढच्या वर्षी लोकांनी वर्गणी काढून १३०० डॉलरला त्याला सोडवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅन्ससच्या निवडणुकीत मिसुरीचे हजारो लोक बंदुका घेऊन मत टाकायला घुसले, 'तिथलेच लोक ठरवतील' हे असं ठरलं. तो सगळा राडा पुढच्या भागात सांगतो.